दुरुस्तीघराची सध्याची परिस्थिती

ती. आत्यास,

इथूनच वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो, टेबलाखाली गेलेला स्क्रू शोधायला. वाकलोच आहे तर तुलाही नमस्कार करून घ्यावा म्हटलं.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी बजावूनही तू कपडे वाळत घालायला गच्चीवर जातेस, असं आईकडून कळलं. जपून राहा. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते. तुझ्याकडून काही हवंय म्हणून लिहीत नाहीये, सहज आठवण आली.

मी नोकरी सोडली हे तुला कळलं असेलच. (आईने सांगायचं कुणाला बाकी ठेवलंय?) चोवीस वर्षं ऑफिसात मसुदे लिहून झाल्यावर लोकांच्या काहीतरी उपयोगी पडावं असं फार मनात आलं, म्हणून आम्ही तिघांनी दुरुस्तीघर काढलं. बिघडलेली वस्तू कुणी फेकायची नाही, आमच्याकडे आणायची, आम्ही ती फुकट नीट करून द्यायची. तिघे म्हणजे मी, टपालाच्या छाननीत उभा जन्म घालवलेला माझा मेहुणा, आणि आमच्या शेजारच्या, पाट्या रंगवणाऱ्या बाई. वाचनालयाने मागची खोली महिन्याभरासाठी दिली आहे. काम दिसलं तर पुढेही राहा, नाहीतर तिथे जुनी वर्तमानपत्रं ठेवायची आहेत, असं ग्रंथपालबाईंनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे आमची स्पर्धा रद्दीशी आहे, आणि सध्या रद्दी पुढे आहे.

खोली मिळण्याआधीचे दोन आठवडे ध्येयवाक्यात गेले. आग्रह माझाच. त्याचे अकरा मसुदे झाले, शेवटचा चांगला तेरा ओळींचा उतरला. (मेहुण्याला त्यात ‘तत्पर’ हा शब्द हवा होता, तो घालण्यात चार दिवस गेले.) पाटीवाल्या बाईंनी तो अख्खा मजकूर एका फळीवर रंगवला. अक्षर फार सुंदर, पण फळी दाराहून रुंद झाली. आम्ही ती लावली, तर दारच झाकलं गेलं. पहिले तीन दिवस लोक यायचे, उभं राहून सगळं वाचायचे, मान डोलवायचे आणि निघून जायचे. आत आम्ही तिघे वाट बघत बसलेलो. शेवटी फळी थोडी सरकवली. आता माणूस आडवा होऊन आत येऊ शकतो.

मग मात्र लोक आले. पहिले शिंपीकाका, त्यांची इस्त्री तापत नव्हती. माझा नियम असा की वस्तू आली की मालकासमोर लगेच पूर्ण उघडायची, कारभार पारदर्शक हवा. लोकांवर छाप पडली. आठवडाभरात दोन मिक्सर, तीन पंखे, एक रेडिओ, एक गजराचं घड्याळ, एक शिवणयंत्र आणि ती इस्त्री, अशा नऊ वस्तू टेबलावर नऊ ढीग करून उघड्या पडल्या. एका सकाळी मेहुणा माझ्याआधी पोचला. टेबलावरचा पसारा त्याला बघवेना. एकतीस वर्षांची सवय, हात स्वस्थ बसतात थोडेच? मी येईपर्यंत त्याने नऊही वस्तूंचे सगळे भाग आकाराप्रमाणे चौसष्ट खणांत लावून, प्रत्येक खणावर चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती. इतका खूश होता, की मला त्याला बोलवेना. (शिवाय बायकोचा एकुलता एक भाऊ.)

तेव्हापासून आम्ही जोडतोय. काल एक पंखा उभा राहिला. फिरत नाही, पण टिकटिकतो आणि दुपारी पावणेचारला त्याचा गजर होतो.

शिंपीकाका रोज सकाळी येऊन आमच्या बाकावर बसतात. मला वाटलं, माणसाचा लोभ जडला. मग कळलं, घडी घातलेल्या पँटी खाली घेऊन बसतात. इस्त्री नाही म्हणून शाळेचे चाळीस गणवेश ते असे बसून सपाट करताहेत. एकही शब्द बोलत नाहीत, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. शनिवारी ग्रंथपालबाई बघायला येणार आहेत. खरं सांगू का, मला भीती वाटते आहे.

बाकी सर्व ठीक.

तुझा (अजून तरी) लाडका भाचा

ता. क. : आज शिंपीकाका पहिल्यांदा बोलले. तुमच्यापैकी दुरुस्ती येते कुणाला, असं त्यांनी विचारलं. सहा आठवड्यांत हे आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं. मेहुण्याकडे हत्यारांची पेटी आहे म्हणून मला वाटलं त्याला येते. बाई शिडीवर चढतात म्हणून त्याला वाटलं त्यांना येते. आणि मी बोलतो छान, म्हणून बाईंना वाटलं मला येते.

ता. क. २ : तू तीस वर्षं असल्याच दुरुस्तीचं दुकान चालवलंस, आणि मी तुला मुद्दाम कळवलं नाही. तू येऊन अर्ध्या तासात सगळं मार्गी लावलं असतंस आणि लोक म्हणाले असते, आत्याचं दुरुस्तीघर. मला ते माझं हवं होतं. लाज वाटते आता. कुणाचंही म्हणू देत, पण काकांची इस्त्री तापू दे. ये ना गं.

ता. क. ३ : गुरुवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट सोबत पाठवतोय. तुला आणायला आम्ही तिघे स्टेशनवर येणार होतो, पण शिंपीकाका नको म्हणाले. ते स्वतः येणार आहेत. म्हणाले, आत्याबाई इथे अख्ख्या पोचायला हव्यात.