इस्त्रीवाल्या मावशी कुणाच्या?

तीर्थरूप आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. असावंच लागतं. इथे आजारी पडलं की नोकरी जाते आणि नोकरीबरोबर दवाखान्याचा विमाही. आमच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या मावशींचं तेच झालं. छातीत दुखतं म्हणून घरी राहिल्या, तर मालकाने काढून टाकलं. आता उपचारांवाचून पडून आहेत. माझं डोकंच फिरलं.

आमच्या लाँड्रीचा ड्रायव्हरदादा एका पक्षाचा, मी दुसऱ्या पक्षाची. एरवी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण मावशींसाठी दोघं मिळून माणसं जमवत दारोदार फिरलो. काल दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना शाळेच्या सभागृहात बोलावलं. नोकरी गेली तरी विमा आणि घरखर्चाला आधार राहील असा कायदा करा, एवढंच मागणं. तर ते एकमेकांवर खापर फोडत बसले!

शेवटी दादा उठला. त्याचाच पुढारी म्हणाला, "अरे, तू आपला माणूस ना? खाली बस."

"आपला आहे म्हणूनच विचारतोय. मावशी कुणाच्या?"

मग मीही माझ्या पुढाऱ्यासमोर उभी राहिले. बघता बघता दोन्हीकडची माणसं उठली आणि कुणी बसेचना. तेव्हा कुठे दोन्ही पुढाऱ्यांनी मिळून कायदा मांडायचं कबूल केलं. फोटोही काढून घेतले मेल्यांनी. मावशींचं घर समोरच्याच गल्लीत, पण त्यांना बघायला एकही गेला नाही.

तुझा दम कसा आहे? औषध पुरवून पुरवून घेऊ नकोस गं.

तुझी, रागाने अजून धुमसणारी,
धाकटी