साडेदहाची सावली

४ डिसेंबर, सोमवार

आज सावली मोजायला सुरुवात! मैदानातल्या जाळीच्या खांबाची सावली. साडेदहाला मधल्या सुट्टीची घंटा झाली की माझी पहिली — सव्वीस पोरं, स्वेटर-टोप्यांसकट — धावत खांबाशी. सावलीच्या टोकाला खुंटी ठोकायची, शेजारी तारखेची चिठ्ठी, मग माप. माप शंकासूरच्या वितीनं. ही मुलगी प्रश्न विचारून विचारून माझा जीव खाते, म्हणून मी मनातल्या मनात तिचं हे नाव ठेवलंय. पण वीत पक्की, रडीचा डाव नाही. आज तेवीस विती दोन बोटं.

खुंट्या घंटेवाल्या मामांनी दिल्या. डब्यातून चाचपून चाचपून एकेक काढली. म्हणाले, "मोजा सावकाश. सूर्य काय पळून जात नाही."

पोरांना मी छातीठोक सांगितलंय — थंडी वाढेल तशी ही सावली रोज जेमतेम बोटभर लांबेल. खुंट्यांची रांग होईल. आता ती झाली पाहिजे, नाहीतर माझी काही खैर नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

तेवीस विती तीन बोटं. बरोब्बर बोटभर! पोरांपेक्षा मीच जास्त उड्या मारल्या.

'आजची बातमी'च्या फळ्यावर पोरांनी सांगितलं ते लिहिलं. सावली बोटभर वाढली. दारातल्या बाकावरच्याचा दात पडला, गिळला गेला, आई म्हणाली काही होत नाही. बातमीचा आमचा नियम एकच — खरंच झालं असेल तेच फळ्यावर.

६ डिसेंबर, बुधवार

ढग. सावली नाही. सव्वीस तोंडं पडलेली, माझं धरून सत्तावीस.

७ डिसेंबर, गुरुवार

पंचवीस विती. दोन दिवसांत जवळजवळ दोन विती! आणि खुंटी रांग सोडून भलतीकडेच. मी शंकासूरवर डाफरले, "नीट मोज गं." तिनं ओठ घट्ट मिटून पुन्हा मोजली. पंचवीसच.

८ डिसेंबर, शुक्रवार

आज बावीस. काय हा प्रकार!

पोरांना विचारलं, असं का झालं असेल? "थंडीनं आखडली." "काल तिनं जास्त खाल्लं होतं." "कुणीतरी खांब हलवला." मग सगळ्यांनी मिळून खांब हलवून पाहिला. ढिम्म.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, व्हरांड्यातून चष्म्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "वीस तारखेला तपासणी आहे. साहेब आधी पहिलीतच शिरतात. तो सावलीचा तक्ता तेव्हा भिंतीवर हवा." तक्ता कसला, वेड्यावाकड्या उड्या नुसत्या.

११ डिसेंबर, सोमवार

पुन्हा घोटाळा. शंकासूर हात वर करून उभी. "बाई, खांब तोच. माझी वीत तीच. मग घंटाच चुकत असेल तर?"

वर्ग हसला, मीही हसले. एकतीस वर्षं मामा घंटा देतायत. मोठ्या बाई तर पाहुण्यांना सांगतात, आमची घंटा कधी चुकत नाही. मी माझं घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. साडेदहा वाजून दोन मिनिटं. "बघ."

तिनं बघितलं. म्हणाली, "पण तुम्ही ते रोज घंटा झाली की लावता ना? मी बघते."

अगं बाई! खरंच की. माझं घड्याळ मागे पडतं म्हणून ते रोज त्याच घंटेवर लावायची सवय. एवढंच नाही, गेले तीन दिवस मी घरी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवतेय, ते बिघडलं म्हणून. आज आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी ते रोज रेडिओवर पुन्हा जागेवर आणते. माझं घड्याळ धडधाकट आहे. तुझी शाळाच बिघडलीय." हसून हसून पुरेवाट. सहा वर्षांच्या पोरीनं मला पकडलं!

१२ डिसेंबर, मंगळवार

आज हसू नाही.

तिसऱ्या तासाला पोरांना चित्रं काढायला बसवून मामांकडे गेले. ते व्हरांड्यात घंटेशेजारी स्टुलावर. डोक्यावर भिंतीवरचं मोठं घड्याळ. त्याकडे त्यांनी एकदाही मान वर केली नाही. दहा वाजून बारा मिनिटांनी फाटकाशी सायकलची घंटी वाजली, पोस्टमन आला. मामा उठले आणि त्यांनी मधल्या सुट्टीची घंटा दिली.

मी म्हटलं, "मामा, अजून अठरा मिनिटं आहेत."

ते पुन्हा स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली, घड्याळाच्या जागी नुसता पांढरा गोळा दिसतो. पहिली घंटा ऑफिसातल्या रेडिओवर. शेवटची, शेजारचा कारखाना सुटतो त्या भोंग्यावर. आणि मधली पोस्टमनवर. जुना पोस्टमन म्हणजे घड्याळाचा काटा, साडेदहा म्हणजे साडेदहा. तो गेल्या मंगळवारी निवृत्त झाला. हा नवा पोरगेला, वाटेल तेव्हा उगवतो.

"ऑपरेशन करून घ्या ना."

"डोळ्याला सुरी लावायची म्हणजे... नको बाई. आणि कुणाला बोलू नका. मोठ्या बाईंना कळलं तर मला घरी बसवतील. घंटा सोडून मला दुसरं येतं काय?"

मी शब्द देऊन बसले. आणि वीस तारखेला त्यांची चूक माझ्याच भिंतीवर, खुंटीखुंटीनं मांडलेली असणार.

१३ डिसेंबर, बुधवार

शंकासूर सकाळीच फळ्यापाशी. "आजची बातमी, घंटा चुकते."

मी म्हटलं, ही बातमी नको. "खरंच झालंय ना, बाई?" माझाच नियम माझ्याच गळ्यात. सुचलं ते बोलले, "ज्याची बातमी असते त्याला आधी विचारावं लागतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. कारण ही बया सुट्टीत थेट मामांकडे! मी धावत पोचेपर्यंत ती त्यांच्या स्टुलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलेली. मामांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. मला कालपर्यंत, दोन वर्षं, सांगितलं नव्हतं ते.

परत येताना माझं बोट धरून म्हणाली, "मामा आत्ता नको म्हणाले, म्हणून बातमी नाही लिहायची." थोडं चालून पुन्हा, "बाई, त्यांना घड्याळ दिसत नाही. आम्हाला दिसतं, पण येत नाही."

मी मैदानाच्या मधोमध थांबलेच. घड्याळाचा धडा तर फेब्रुवारीत आहे. कोण म्हणतं फेब्रुवारीत?

१४ डिसेंबर, गुरुवार

पुठ्ठ्याची सव्वीस घड्याळं! काटे टाचणीनं बसवलेले. सकाळपासून एकच वेळ शिकवली — मोठा काटा खाली सहावर, छोटा दहा आणि अकराच्या मध्ये. गोंद माझ्या केसांत, पदरावर, हजेरीपटावरसुद्धा.

सव्वादहाला पहिली जोडी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी केली. शंकासूर आणि दातवाला. बाकीच्यांना सांगितलं, रोज नवी जोडी, घड्याळ शिकायचा हाच अभ्यास. माना वर करकरून दोघांच्या टोप्या पडल्या. मग एकदम, "मामा, आत्ता!"

टोला काय दणदणीत पडला! सावली चोवीस विती, पाच तारखेच्या खुंटीच्या अगदी रांगेत.

१५ डिसेंबर, शुक्रवार

चोवीस विती आणि बोटभर. मामा जोडीला शेंगदाणे देतात असं कळलं. त्यामुळे सोमवारच्या जोडीसाठी मारामारी.

१८ डिसेंबर, सोमवार

रांग लागली! पाच तारखेनंतर थेट चौदा, पंधरा, आज अठरा. मधल्या तीन-चार खुंट्या तेवढ्या सैरभैर. त्या उपटून टाकाव्यात, तक्ताही नवा करावा, असं मनात आलं. कुणाला कळणार होतं? पण शंकासूर शेजारीच उभी होती. हात नाही झाला.

२० डिसेंबर, बुधवार

साहेब आले. उंच, कमी बोलणारे. मोठ्या बाई मागे. मामा पाण्याचा ट्रे घेऊन दारात.

तक्त्यापुढे बराच वेळ थांबले. बोट बरोब्बर सात तारखेवर. "हे इथं काय झालं? मधेच अशा का भरकटल्या?"

ट्रेमधले पेले किणकिणायला लागले, मला इथवर ऐकू आले. खोटं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात शंकासूर उठली.

"साहेब, तेव्हा आम्हाला घड्याळ वाचता येत नव्हतं. आता येतं."

साहेब हसले. तिला विचारलं, आत्ता किती वाजले? तिनं खिडकीतून व्हरांड्यात पाहून सांगितलं, "साडेदहा व्हायला थोडंच राहिलंय. आमची जोडी जाऊ का?"

शब्दन्‌शब्द खरा! मी एवढी शिकलेली, मला हे सुचलं नसतं. साहेबांनी वहीत 'उत्तम' लिहिलं. मी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मनसोक्त रडले, आनंदानं.

२१ डिसेंबर, गुरुवार

मामा स्वतः वर्गात आले, टोपी हातात. "एवढंसं पोर माझ्यासाठी स्वतःवर घेतं आणि मी सुरीला भितो, म्हणजे झालं." मग शंकासूरला म्हणाले, "लिही आता माझी बातमी."

तिनं मला विचारत विचारत स्वतःच्या हातानं लिहिली. मामांना घड्याळ दिसत नाही. मामा सुट्टीत डोळ्याचं ऑपरेशन करणार. खाली एक घड्याळ काढलं. काटे साडेदहावर.

फळा मी पुसला नाही. उद्या मोठ्या बाई वाचतील. वाचू देत. मामांच्या बाजूनं मी भांडेन.

२२ डिसेंबर, शुक्रवार

भांडायची सगळी तयारी करून गेले होते. मोठ्या बाईंनी मामांच्या रजेच्या अर्जावर सही केली. 'परत आल्यावर पूर्ववत घंटेवर' असं स्वतःच लिहिलं, आणि मान वर न करता म्हणाल्या, "जुन्या पोस्टमनला दोन वर्षांपूर्वी मीच सांगून ठेवलं होतं, बरोबर साडेदहाला येत जा म्हणून. नव्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."