दुसऱ्या कंपनीची गाडी

आप्पा, घरात दुसरी गाडी आली. पहिली दादाची, ही माझी. दोन्ही विजेवर चालतात आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. त्यावरून घरात काही महिने बोलाचाली झाली, ती आता मिटली आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे विजेवरची गाडी म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल. देवगाव फाट्यावरच्या आपल्या दुकानात संध्याकाळी ट्यूब लागायची नाही, नुसती दोन्ही टोकांना लाल होऊन बसायची. तुम्ही कंदिलाची काच पुसत म्हणायचात, "ही लाईट न्हाई, लाईटीची आठवण हाय." त्याच लाईटीवर आता गाडी भरते. भिंतीवरच्या डब्यातून जाड केबल ओढायची आणि मोबाईलला लावतो तशी गाडीला लावायची. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. आणि क्लच नाही. हे शेवटचं मी वेगळं लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

आम्ही आता परभणीतच असतो, दादा, वैनी आणि मी. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. फाट्यावरचं दुकान दादानं भाड्यानं दिलं आणि स्वतः इथं मोंढ्याच्या बाजारात खताचं दुकान टाकलं. मी विद्यापीठात बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, तुम्ही पहिल्या दिवशी सोडायला आला होतात तिथंच. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बिया ठेवायच्या, किती उगवल्या, किती वाकड्या उगवल्या, किती नुसत्याच फुगल्या ते पाहायचं. बसून करायचं काम आहे. डाव्या पायाला आधाराचा कॅलिपर अजून आहे, फक्त आता तो हलका मिळतो आणि चालताना करकरत नाही.

तुमची जीप मला नीट आठवते. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की रान मोकळं व्हायचं आणि तुम्ही दादाला शिकवायला काढायचात. मी मागं, खताच्या रिकाम्या पोत्यांवर. दादा नुकताच कॉलेजात गेलेला, मिसरूड फुटलेलं, आणि स्टिअरिंग असं धरलेलं की जणू ते पळून जाणार आहे. जीप ढेकळांवरून दोन उड्या मारते आणि बंद पडते. तुम्ही ओरडता, "डावा पाय हळू सोड. सबूर. बैल सोडायलास का क्लच सोडायलास?" दादा पुन्हा चावी फिरवतो. पाच-सात दिवस हे ऐकून मला सगळं पाठ झालं होतं. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, क्लच अर्धा आणून थोडं थांबायचं, जीप थरथरली की सोडायचा. दादाच्या आधी मला कळायचं की आता बंद पडणार. दादा शिकला, मग चुलतभाऊ शिकला. एके दिवशी ते दोघं पाणी प्यायला विहिरीकडं गेले तेव्हा मी मागून म्हणाले, "आप्पा, आता मी."

तुम्ही वळून पाहिलंत. पायाकडे पाहिलंत, पण फार वेळ नाही. म्हणालात, "तुला काय करायचीय गाडी? तुला न्यायला आमी हाव की."

रागानं नव्हतं ते, लाडानंच होतं. आणि त्यावर बोलायला जागा नव्हती, कारण क्लच डाव्याच पायानं दाबावा लागतो. मला तेव्हा फार लागलं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मी खाली उतरून बांधावर बसले आणि शेजारच्या रानातला हरभरा सोलून खात राहिले.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही शिवणाचं हातमशीन आणलंत. माय चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तुम्ही ते धूड छातीशी धरून थेट स्वयंपाकघरात शिरलात. माय म्हणाली, "अवो, पाय तर पुसून या." तुम्ही म्हणालात, "ह्या मशीनला पायच लागत न्हाई." मग तुमच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही खाली बसून हँडल फिरवून दाखवलंत, सुई वरखाली झाली. मायनं पिठाचे हात कपाळाला लावून तुम्हाला म्हटलं, "लय चांगलं केलं." त्या मशीनवर मी दुकानाच्या कापडी पिशव्या शिवल्या, दादाचे पायजमे शिवले, पुढं हॉस्टेलवर पोरींचे ब्लाउज शिवले. पाय न लागणारी वस्तू शोधून आणायची असते हे तुम्हाला सुचत होतं. तशी गाडी तुमच्या माहितीत नव्हती, एवढंच.

आणि न्यायचा शब्द तुम्ही पाळलात. सेलूला परीक्षेला तुम्ही, परभणीला हॉस्टेलवर तुम्ही, नोकरीच्या मुलाखतीला तुम्ही, बाहेर लिंबाखाली दिवसभर बसून. तुमच्यानंतर दादानं ते काम न सांगता उचललं. आधी स्कूटरवर, मग पेट्रोलच्या गाडीत. सकाळी मला सोडून तो मोंढ्यात जायचा आणि संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक असलं तरी उठून यायचा. एकदाही त्यानं कपाळाला आठी घातली नाही. पण मला कुठंही जायचं झालं की आधी विचारावं लागायचं, "दादा, तू कुठं जायलास?" माझा प्रत्येक बेत त्याच्या बेताच्या मागं उभा असायचा. मैत्रिणीकडं नुसतं जाऊन बसावंसं वाटलं तर ते कारण सांगायला मला लाज वाटायची, म्हणून मी काहीतरी औषध आणायचं आहे असं सांगायचे. क्लच नसलेल्या पेट्रोलच्या गाड्याही बाजारात होत्या म्हणे. आमच्या घरात त्या कुणी पाहिल्या नव्हत्या आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मग दादानं विजेची गाडी घेतली. मोठी, उंच, पांढरी. पहिल्या आठवड्यात तो मला सोडायला निघाला होता. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, आम्ही थांबलो, निघालो, पुन्हा थांबलो. माझं लक्ष खाली गेलं. त्याचा उजवा पाय कामात होता आणि डावा नुसता बाजूला ठेवलेला.

"दादा, तुझा डावा पाय काय करायलाय?"

"काय न्हाई," तो हसला. "बसलाय निवांत. त्याला कामच न्हाई हिच्यात."

मी त्या पायाकडं पाहत राहिले. थोडं पुढं गेल्यावर त्याचं हसू गेलं. विद्यापीठाच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली, दार उघडायला उतरला, पण उघडण्याआधी काचेवर हात ठेवून क्षणभर तसाच उभा राहिला. त्यालाही कळलं होतं.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. मला वाटलं होतं तो पायाबद्दल बोलेल, रस्त्यांबद्दल, माझ्या वयाबद्दल. तो बोलला कंपनीबद्दल. घ्यायचीच तर माझ्याच कंपनीची घे, म्हणाला. म्हणून सुट्टीच्या दिवशी अंगणात मी त्याच्याच गाडीत ड्रायव्हरच्या बाजूनं चढून पाहिलं. सीट माझ्या कमरेच्या वर. मला डावा पाय हातानं उचलून आत ठेवावा लागतो, आणि तेवढ्या उंचीवर तो जाईना. दादा मदतीला आला तेव्हा मी म्हणाले, "रोज तूच बसवणार असशील तर मग तूच चालव की." त्याच कंपनीची लहान गाडीही आम्ही पाहिली. तिचं दार पुरेसं उघडत नव्हतं, कॅलिपरचा बूट कडेला अडकायचा. नांदेडला दुसऱ्या एका कंपनीच्या शोरूममध्ये मी कोपऱ्यातल्या एका बुटक्या गाडीचं दार उघडलं. ते भिंतीला टेकेल इतकं उघडलं. मी टेकले, पाय उचलला, आत ठेवला, दार ओढून घेतलं. कुणाचा हात लागला नाही. आत बसून मी काचेतून दादाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं पोस्टर वाचत होता.

परतीच्या वाटेत तो म्हणाला, "एका घरात दोन कंपन्या कशाला? दोन चार्जर, दोन ॲप, दोन सर्व्हिस सेंटर. खामखा."

मागून वैनी म्हणाल्या, "घरात दोघांचे चष्मे एकाच नंबरचे हायत का?"

"तू गप."

"मी गपच हाय. ताईंना बसता येतंय त्याच गाडीत बसतील त्या."

चार्जरचा मुद्दा त्यानं बरेच दिवस लावून धरला. माझी गाडी घरी आली त्या दिवशी सगळ्यात आधी, हार घालायच्याही आधी, त्यानं आपल्या डब्याची केबल ओढून माझ्या गाडीला लावून पाहिली. ती बरोबर बसली. हिरवा दिवा लागला. आनंद व्हायला हवा होता, पण त्याचा चेहरा एखादा भरवशाचा साक्षीदार उलटल्यासारखा झाला. आता एक दिवस त्याची गाडी त्या डब्याला असते, एक दिवस माझी. ॲप मात्र खरंच दोन आहेत.

शिकवलं त्यानंच. दुसऱ्या कुणाकडं जायचं मी नाव काढलं तर म्हणाला, "आप्पांनी मला शिकवलं ते काय वाया जाऊ देऊ?" शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर आम्ही सकाळी जायचो. पहिल्या दिवशी मी बटण दाबलं तेव्हा तो सवयीनं तुमच्याच आवाजात म्हणाला, "डावा पाय हळू..." आणि थांबला. मी उजवा पाय हळू दाबला. गाडी आवाज न करता पुढं सरकली. आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि मी ब्रेक दाबला. दादानं खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "आता वळव." लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागला, चकरा लागल्या, परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला आधी चालून दाखवायला लावलं आणि मग चालवून. चालून दाखवताना मी जास्त घाबरले होते.

मधे दादाची गाडी एका सुट्या भागासाठी सर्व्हिसला गेली आणि तिथंच राहिली. नेमका तेव्हाच फाट्यावरच्या भाडेकरूचा फोन आला, दुकानाचे पत्रे गळायलेत, येऊन बघा. दादा म्हणाला, एसटीनं जातो. मी म्हणाले, मी येते. तो पहिल्यांदा माझ्या शेजारच्या सीटवर लांबच्या रस्त्याला बसला. सेलूपर्यंत त्याचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता.

"तिकडं ब्रेक न्हाई," मी म्हणाले.

"मालूम हाय मला."

"मग?"

"तू पुढं बघ."

फाट्यावर तुमच्या वेळचा चहावाला अजून आहे, आता नुसता बाकावर बसून असतो, चहा त्याचा मुलगा करतो. त्यानं दादाला ओळखलं, मग वाकून आत पाहिलं. "गाडी कोण चालवायलंय?" दादानं पत्र्यांकडं पाहत, साध्या आवाजात सांगितलं, "बहीण. मी तिच्या संगं आलोय." म्हातारा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आप्पाची लेक." पत्रे खरंच गळत होते. बदलायला सांगितले. परतताना सेलू ओलांडलं तेव्हा दादाचा पाय शांत झाला होता. मी पाहिलं तर तो झोपला होता, मान काचेला लावून, तोंड उघडं टाकून. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी बसले पण कधी झोपले नव्हते. एकट्यानं जागं राहावं लागू नये त्याला, म्हणून. तो खुशाल झोपला. घर येईपर्यंत मी रेडिओ लावला नाही.

आता मी प्रयोगशाळेत माझी मी जाते. मैत्रिणीकडं जाते आणि औषधाचं नाव काढत नाही. एकदा पिंगळीपर्यंत उगाच जाऊन आले, कुणाला भेटायला नाही. दादा संध्याकाळी दुकानात उशिरापर्यंत बसू लागला. वैनी सांगतात, पहिले काही दिवस तो मला आणायच्या वेळेला उठून उभा राहायचा, मग गल्ल्याभोवती एक चक्कर मारून पुन्हा बसायचा.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. फाट्याच्या पत्त्यावर टाकलं तर भाडेकरू उघडून वाचेल. कपाटातही ठेवणार नाही, वैनी आवराआवरी करतात. फाडून टाकेन. त्याआधी एक लिहून ठेवते. आपली गल्ली अरुंद आहे, सकाळी गाडी मागं घेत घेत बाहेर काढावी लागते, आणि मला सुरुवातीला ते जमत नव्हतं. म्हणून रोज पूजा आटोपून, कपाळावर ओलं भस्म, दादा बाहेर येतो आणि चावीसाठी हात पुढं करतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी नीट उभी करून देतो, उतरतो, माझ्यासाठी दार उघडं धरतो. मग मी जाते. विद्यापीठाच्या मागच्या रिकाम्या जागेत मी दुपारच्या सुट्टीत सराव केला. मला आता गाडी मागं घेता येते, चांगली येते. दादाला अजून सांगितलेलं नाही.