न्हावी घरी येतो

आबा, आज तुम्ही समोर असतात तर फाडफाड बोलले असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी. तुमचा लाडका लेक पुण्याहून आलाय. जन्मभर डब्यातला फेस फासून घाईघाईत दाढी केली, आणि आता निवृत्त झाल्यावर त्याला साक्षात्कार झालाय. केसाळ ब्रश, साबणाची वाटी, तुमच्यासारखा जुना रेझर घेऊन बेसिनसमोर ठाण मांडतो, आणि मला, मला हो, शिकवतो की दाढी आधी गरम पाण्याने भिजवायची असते!

मेहरूणच्या घरी तुम्हाला झटका आला आणि उजवं अंग गेलं, तेव्हा हा कुठे होता? आई आधीच गेलेली. धुळ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होतात तोवर दाढी केल्याशिवाय कधी गेला नाहीत. पण ओघळणारी लाळ न्हाव्याला दिसायला नको, म्हणून रेझर माझ्या हातात दिलात. पहिल्या दिवशी कानाखाली कापलं तर ओरडलात, "म्हशीचं कातडं सोलतेस का?" मी शिकले. उजवा गाल ढिला पडलेला, साबणावरून बोट निसटायचं. बोटांना तुरटी चोळली की गाल नीट ताणता येतो, हे माझं मीच शोधून काढलं. तुम्ही डोळे मिटून बसता, पातं खरखरत खाली येतं, आणि मला शाळेत शिकवायला जायला रोज उशीर होतो. हेडबाईंची बोलणी मी खाते. आणि शेजारचे नाना ओसरीवर येऊन म्हणतात, "आबा, तुमना न्हावीना हात भलता चांगला शे!" तर तुम्ही बिनदिक्कत सांगता, "हाव, जुना मानूस शे. घर येस." मी चहा घेऊन दारातच उभी. नाना गेल्यावर विचारलं, तर म्हणालात, "पोरीकडून दाढी करून घेतो म्हणून दवंडी पिटू का?" म्हणजे करायला पोरगी चालते, सांगायला चालत नाही! दादा दिवाळीला आला की तो उठायच्या आत सगळं उरकायचं, का तर त्यालाही न्हावीच येतो असं सांगितलेलं. एकदा, अहो एकदाच, "माझी लेक करते" म्हणाला असतात तर काय झिजलं असतं तुमचं?

आज सकाळी दादा तोंड पुसत म्हणाला, "आबांचा तो न्हावी काय हाताचा होता गं! शोधू या त्याला. शाल-नारळ देऊन पाया पडायचंय मला." माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तोंडाने जमलं नाही, म्हणून दुपारी हे लिहायला बसले; त्याच्याच हातात द्यायचं असं ठरवून. पण नाही देणार. सकाळी मी त्याला काय सांगितलं, माहीत आहे? म्हटलं, "अरे दादा, तो केव्हाच वारला." तो हळहळला बिचारा. तुमच्यावरचा राग एवढासुद्धा कमी झालेला नाही, आबा. पण तुमचं खोटं त्याच्यासमोर उघडं पडावं, हे अजून मला बघवत नाही.