धडधाकट मुलगी

४ जानेवारी

चि. बारकीस, ताईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

परवा तू दवाखान्यात सोबत आलीस, तेव्हा नर्सने तुला सांगितलं, आईंना खुर्चीत बसवा. तू हसलीस. मीही हसले, पण घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. आपल्यात चारच वर्षांचं अंतर, बारके. तू चढावर गप्पा मारत चालतेस. मला बादली उचलली की धाप लागते.

डॉक्टर म्हणाले, सूतगिरणीतला तीस वर्षांचा तूस छातीत बसलाय, त्यात घराला ओल, खोली बदला. जणू चप्पल बदलायची आहे.

खरं सांगू? तुझा हेवा वाटतो. मावशीने एकीला न्यायचं म्हटलं आणि आईने तुला दिलं. तुला मोकळी हवा, शाळा, दूध. मला गिरणीमागची खोली. मी काय घोडं मारलं होतं? राग आला तर येऊ दे.

तुझी ताई

११ जानेवारी

ती. ताईस, बारकीचा सा. न.

आईने शेवटच्या आजारात मला एक सांगितलं होतं. तुला सांगायचा धीर झाला नाही. मावशीने तुलाच मागितलं होतं, हुशार म्हणून. पण मी सारखी खोकायचे. त्या खोलीत हे पोर जगायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा आई मावशीला म्हणाली, "थोरली धडधाकट आहे, ती काढेल इथे दिवस."

ताई, माझं सगळं तुझ्या वाट्याचं आहे. आमची आतली खोली रिकामी आहे. कायमची ये.

तुझ्या मायेला पात्र आहे की नाही, ठाऊक नाही.

बारकी

१९ जानेवारी

चि. बारकीस, आशीर्वाद.

चार दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. आईशीही. म्हणजे मी खोकले असते, तर शिकले असते!

गिरणीत माझ्या खात्यात आम्ही सातजणी होतो. चौघी पन्नाशीच्या आत गेल्या. त्याही धडधाकटच होत्या. त्यांच्या बहिणींकडे रिकामी खोली नव्हती, एवढंच.

सून म्हणाली, बहिणीच्या दारात राहायचं, लोक काय म्हणतील? तिला म्हटलं, आधी मला श्वास पुरू दे, मग लोकांचं बघू.

रविवारी येते. आतली खोली तू घे. मला तुझी दोन खिडक्यांची हवी. हेवा इथे ठेवून येत नाही, तोही बरोबर येतोय. सांभाळून घे.

ताई