अक्कांचा मेलबॉक्स

३ फेब्रुवारी
पिंप्राळ्यातली खोली छान आहे. सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. दीपनगरच्या वीजकेंद्रात वर्षानुवर्षं संगणक सांभाळले, आता जळगावात केवलचंदशेठांच्या डाळीच्या पेढीचं ईमेल नव्यानं उभं करायचं आहे. रोज चार ओळी लिहायची सवय शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली. अजून सुटली नाही.

५ फेब्रुवारी
सॉफ्टवेअर फुकटातलं, पण भरवशाचं निवडलं. मग प्रश्न आला, पॉप की आयमॅप. पॉपमध्ये मेल आपल्या संगणकावर उतरते आणि सर्व्हरवरून पुसली जाते, ज्याचं त्याच्याकडे. आयमॅपमध्ये सगळं सर्व्हरवरच राहतं, कुठूनही उघडा, तेच दिसतं. मी आयमॅप घेतलं. शेठांना विचारून माझ्या ज्योतीच्या जुन्या मेलही तिथे चढवल्या. घरचा संगणक आता थकलाय, आणि लेक देवाघरी गेल्यावर माझ्याकडे तेवढंच उरलंय: तिचं हॉस्टेल, तिच्या मैत्रिणींची भांडणं, सर्दी झाली की होणारी कुरकुर.

७ फेब्रुवारी
पेढीची रीत कळली. आलेलं टपाल आधी शेठांच्या आई, प्रेमकुंवर अक्का, वाचत. मग ज्याचं त्याला. अक्का गेल्या पावसाळ्यात वारल्या, तरी त्यांच्या गादीवर रोज धुतलेली चादर पडते. शेठांनी संकोचत विचारलं, अक्कांच्या नावाचा मेलबॉक्स करून त्यातून सगळ्यांचे उघडतील असं करता येईल का. मला गलबलून आलं. करून दिलं. पासवर्ड कोणालाच सांगितला नाही.

१० फेब्रुवारी
आलेली प्रत्येक मेल आधीच वाचलेली दिसते. हिशेब बघणारा भूषण हसत म्हणाला, "ताई, अक्कानी बठ्ठं वाची टाकं." अक्कांनी सगळं कसं वाचलं असेल? मी तपासलं. अक्कांचं खातं खरंच उघडलेलं आहे. पेढीतल्या कुठल्याच संगणकावरून नाही.

१३ फेब्रुवारी
ज्योतीच्या मेल कमी होताहेत. अक्कांचं खातं बंद केलं. चहा घेऊन येते तो पुन्हा चालू. शेठांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, आवडलेलं पत्र अक्का स्वतःकडेच ठेवून घेत. मागितलं तरी परत देत नसत.

१४ फेब्रुवारी
घरच्या संगणकावरही काही नाही. तोही मीच जोडला होता — एकीकडून गेलं की सगळीकडून जातं. हे मीच निवडलं. पॉप घेतलं असतं तर —

१५ फेब्रुवारी
अक्कांचा मेलबॉक्स उघडला. सगळ्या मेल तिथे आहेत. मजकूर तोच. वर 'आई' नाही, 'अक्का' आहे.

१६ फेब्रुवारी
नवी मेल. ज्योतीची. आजची तारीख —
"अक्का, ती बाई माझ्या मेल अजून का वाचते? तिला नाही म्हणून सांगा ना."

१७ फेब्रुवारी
उत्तर लिहिलं. पाठवायच्या आत वाचलेलं दिसलं — पुसलं गेलं. परत लिहिलं. परत —
आता इथेच लिहिते, कागदावर. हे तरी कोणी — वरच्या ओळी फिक्या का पडताहेत — ज्योती, मी तुझी