बाटलीवरचं नाव

माय, दुसरा अहवाल आला. मी त्यांचीच मुलगी आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर कोर्टाला हे कळलं. तुला तर पहिल्यापासून माहीत होतं.

पहिला अहवाल आला तो दिवस मला अजून दिसतो. मुखेडला मामाच्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापतेयस. पोटगीच्या दाव्यात डीएनए तपासणी तुझ्या नवऱ्यानंच मागितली होती, आणि तू ताठ मानेनं म्हणाली होतीस, "करा की. मला कशाचं भ्याव?" मामा दारातूनच बोलतो, "रक्त जुळलं न्हाई म्हनायलेत." तुझा हात परातीत थांबतो. "मग दुसऱ्या कुनाचं रक्त तपासलं आसंल, दादा. पुन्हा तपासा म्हनावं." मामा मान खाली घालतो. "डीएनए चुकत नसतंय, बाई." तवा धुरावतो, कुणी उतरवत नाही. पोटगी गेलीच. पण ज्या बायका तुझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकायच्या, त्या न शिवलेली कापडं मागून घेऊन गेल्या. तू तापानं गेलीस असं सगळे सांगतात. मी तसं कधीच म्हटलं नाही.

लातूरला नोकरी लागल्यावर मी त्यांच्या जमिनीत वाटा मागणारा दावा लावला. जमीन कुणाला हवी होती? मला पुन्हा तपासणी हवी होती. ते खुशाल तयार झाले. या वेळी रक्त काढल्याबरोबर, आमच्या डोळ्यांसमोर, बाटलीवर नाव लिहिलं आणि सील केलं. जुळलं. मग वकिलांनी जुनी फाईल काढायला लावली. पहिल्या वेळी दवाखान्यात माझ्याबरोबर आणखी एका मुलीचं रक्त घेतलं होतं, आणि बाटल्यांवर नावं नंतर टाकली होती. प्रयोगशाळेनं काम चोख केलं होतं, माय. फक्त रक्त माझं नव्हतं.

परवा नांदेडच्या कोर्टात, व्हरांड्यात, ते काठी टेकत माझ्यापाशी आले. "पोरी, तपासणीच चुकली. त्यात माझा काय कसूर?"

"मशीन माझ्या मायला ओळखत नव्हतं," मी म्हटलं. "तुम्ही तर ओळखत होता."

 त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला.

घरी नवऱ्याला मी सांगितलं की तो हात मी झटकून टाकला. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. झटकला नाही, माय. त्यांनी काढून घेईपर्यंत मी तशीच उभी होते.